एक सिनेमा आणि नाना मतं

मुलांनो, सिनेमा पाहून बाहेर पडलात की तुम्ही काय म्हणता? “झकास होता!” नाहीतर “छे, काही मजा नाही!” दोन शब्दांत निकाल लावायचा आणि भेळेच्या गाडीकडे वळायचं. बरोबर ना? आज तुम्हाला अशा एका सिनेमाची गोष्ट सांगते, की ज्याचा निकाल लोक जवळजवळ शंभर वर्षं लावताहेत आणि तो अजून लागलेला नाही. कुणी त्याला मूर्खपणाचा कळस म्हटलं, कुणी त्याच्यावर लट्टू झालं. ज्यानं तो काढला, त्याचंसुद्धा मत डळमळलं. आणि गंमत म्हणजे, भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पुरता पाहिलाच नव्हता!

या सिनेमाचं नाव ‘मेट्रोपोलिस’, म्हणजे महानगर. तो जर्मनीत तयार झाला आणि १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. तो मूकपट होता. दिग्दर्शक होता फ्रिट्झ लांग आणि कथा लिहिली होती त्याची पत्नी थेआ फॉन हार्बो हिनं. उद्याचं जग किती छान असेल असं सांगणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. हा सिनेमा उलट सांगतो. आपण वेळीच शहाणे झालो नाही, तर उद्याचं जग किती भयंकर होईल ते दाखवतो.

वर बागा, खाली भोंगा

एक अवाढव्य शहर आहे. वर आभाळाला भिडणाऱ्या इमारती, बागा, कारंजी, खेळाची मैदानं. तिथे मालक मंडळी आणि त्यांची मुलं मजेत राहतात. जमिनीच्या पोटात मात्र कामगारांची वस्ती. भोंगा वाजला की माना खाली घालून, रांगेनं, एका पावलाने कामगार यंत्रांकडे जातात. त्यांचं घड्याळही वेगळं! त्यावर बाराऐवजी दहाच आकडे, कारण पाळी दहा तासांची.

शहराच्या मालकाचा मुलगा फ्रेडर एकदा खाली उतरतो आणि हे सारं पाहून हादरतो. थकून कोसळू पाहणाऱ्या एका कामगाराची जागा तो स्वतः घेतो. मारिया नावाची तरुणी कामगारांना धीर देत असते. ती म्हणते, डोकं आणि हात यांना जोडणारा कुणीतरी येईल. डोकं म्हणजे मालक, हात म्हणजे कामगार, आणि जोडणारं असतं ते हृदय. मालकाला तिची भीती वाटते. तो रोटवांग नावाच्या शास्त्रज्ञाला सांगून एका यंत्रमानवाला मारियाचं रूप देतो. ही खोटी मारिया कामगारांना भडकवते. ते यंत्रं फोडतात आणि त्यामुळे त्यांच्याच वस्तीत पाणी भरू लागतं. मुलं तर खालीच अडकलेली! खरी मारिया आणि फ्रेडर त्यांना वाचवतात. शेवटी फ्रेडर आपल्या वडिलांचा हात कामगारांच्या मुकादमाच्या हातात देतो. संपला सिनेमा.

सातवीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली आणि सिनेमाचे काही तुकडे भिंतीवर दाखवले. मग विचारलं, “बोला, कसा वाटला?” एक जण म्हणाला, “बाई, शहर एकदम भारी!” दुसरा म्हणाला, “ती माणसं डोळे एवढे का वटारतात?” सगळे हसले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. तिचे वडील कारखान्यात पाळीवर जातात. ती म्हणाली, “बाई, शेवटी हात मिळवला. पण उद्यापासून दहा तासांचे आठ तास होणार का? ते तर सांगितलंच नाही.”

मी गप्पच झाले. तिचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पण तिघांची ही तीन मतं लक्षात ठेवा बरं का! १९२७ साली मोठमोठ्या माणसांनी जे म्हटलं, ते याहून फार वेगळं नव्हतं.

एवढं शहर उभारलं कसं?

आधी “भारी” म्हणणाऱ्याचं पाहू. फ्रिट्झ लांग १९२४ मध्ये न्यूयॉर्कला गेला होता. रात्रीच्या झगमगाटातल्या उंच उंच इमारती पाहून तो चकित झाला. तसलं शहर पडद्यावर आणायचं त्यानं ठरवलं. त्या वेळी काॅम्प्युटर कुठले? ओय्गेन श्युफ्टान नावाच्या छायाचित्रकारानं एक युक्ती काढली. कॅमेऱ्यासमोर एक आरसा तिरपा धरायचा. आरशाच्या काही भागावरचा चांदीचा लेप खरवडून काढायचा. त्या मोकळ्या काचेतून पलीकडे उभे असलेले खरेखुरे नट दिसतात आणि उरलेल्या आरशात बाजूला ठेवलेल्या छोट्या नमुन्याचं प्रतिबिंब पडतं. कॅमेऱ्याला वाटतं, माणसं त्या अजस्र इमारतीतच उभी आहेत! उंच पुलांवरून धावणाऱ्या मोटारी म्हणजे इवलीशी खेळणी. ती तसूतसू सरकवून एकेक चित्र घेतलेलं.

चित्रीकरण चाललं १९२५ च्या मे महिन्यापासून १९२६ च्या ऑक्टोबरपर्यंत. खरी मारिया आणि खोटी मारिया, दोन्ही कामं ब्रिगिटे हेल्म या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीनं केली. यंत्रमानवाच्या त्या घट्ट कवचात तिला तासन्‌तास उभं राहावं लागे. आणि पाण्यात अडकलेली ती मुलं? ती होती बर्लिनच्या गरीब वस्त्यांतली शेकडो खरी मुलं. गोष्टीतल्या कामगारांच्या मुलांचं काम करायला खऱ्या गरिबांची मुलं पाण्यात उभी राहिली. हेही विसरू नका.

वेल्ससाहेब रागावले

आता नावं ठेवणाऱ्यांकडे वळू. ‘टाइम मशीन’ आणि अदृश्य माणसाची गोष्ट लिहिणारे एच. जी. वेल्स तुम्हाला ठाऊक असतील. १९२७ च्या एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यांनी या सिनेमाची अक्षरशः सालटी काढली. इतका खुळचट सिनेमा आपण पाहिलाच नाही, असा त्यांचा सूर होता. पण नुसतं “भिकार” म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी कारणं दिली. यंत्रं आली की माणसाचे कष्ट कमी होतात, मग इथे ते वाढलेले कसे? शहरं आता उंच होण्याऐवजी बाहेर पसरू लागली आहेत, हे यांना माहीत नाही का? कामगार इतके कंगाल असतील, तर कारखान्यात तयार होणारा माल विकत घेणार कोण? आणि उद्याच्या जगात विमानं मात्र आजचीच? यंत्रमानवाची कल्पना कारेल चापेक या लेखकाच्या नाटकातून उचलली आहे आणि आपल्याही एका जुन्या कादंबरीचे तुकडे यात तरंगताहेत, अशीही तक्रार त्यांनी केली.

पटतंय ना? पण थांबा. याच वेल्सनी १८९५ च्या ‘टाइम मशीन’मध्ये जमिनीवर सुखात राहणारे आणि जमिनीखाली यंत्रं चालवणारे असे माणसांचे दोन वंश रंगवले होते! म्हणजे जी कल्पना त्यांना तरुणपणी सुचली, तीच दुसऱ्याच्या सिनेमात त्यांना जुनाट वाटली. मतं अशी वयाबरोबर बदलतात. पुढे १९३६ मध्ये वेल्सच्या कथेवर ‘थिंग्ज टु कम’ हा सिनेमा निघाला. तेव्हा त्यांनी कलाकारांना बजावलं होतं, की ‘मेट्रोपोलिस’मध्ये जे केलंय, त्याच्या नेमकं उलट आपल्याला करायचंय.

लुई बुन्युएल हा तरुण तेव्हा सिनेमांवर लेख लिहीत असे. पुढे तो स्वतः मोठा दिग्दर्शक झाला. तो म्हणाला, हे दोन सिनेमे एकमेकांना चिकटवलेत. गोष्ट पाहाल तर सामान्य, चित्रं पाहाल तर डोळे दिपतील. किती शहाणपणाचं मत आहे पाहा! सिनेमा सगळाच चांगला किंवा सगळाच वाईट, असं कुठे असतं?

कात्री चालली!

आता खरी भानगड ऐका. बर्लिनला दाखवला तो सिनेमा सुमारे अडीच तासांचा होता. अमेरिकेतल्या वितरकांना तो लांबलचक वाटला. त्यांनी एका नाटककाराला बसवून तो कापला. गोष्टीतल्या मालकाच्या वारलेल्या बायकोचं नाव होतं हेल. रोटवांगचंही तिच्यावर प्रेम होतं आणि तिच्यासाठीच त्यानं तो यंत्रमानव घडवला होता. पण इंग्रजीत ‘हेल’ म्हणजे नरक! लोक हसतील म्हणून हेलची सगळी गोष्टच उडवली. मग रोटवांग एवढा का चिडलाय, हे पाहणाऱ्याला कळणार कसं? १९२७ च्या ऑगस्टमध्ये खुद्द जर्मनीतही कापलेलीच प्रत फिरू लागली. पुरी प्रत नाहीशी झाली.

म्हणजे जर्मनीबाहेरच्या लोकांनी ज्याच्यावर टीका केली, तो हातपाय तोडलेला सिनेमा होता. गोष्टीत दुवे नाहीत ही त्यांची तक्रार खरी, पण दोष लिहिणाऱ्याचा की कापणाऱ्याचा? मात्र हेही खरं, की यंत्रं आणि कामगार यांबद्दल वेल्सनी विचारलेले प्रश्न पुरा सिनेमा पाहूनही सुटले नसते.

लांगला काय वाटत होतं?

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली. लांग सांगत असे, की हिटलरला आणि त्याचा प्रचारमंत्री गोबेल्सला ‘मेट्रोपोलिस’ आवडला होता. “भांडू नका, मालकाचा हात धरा” हा शेवट अशा राज्यकर्त्यांना आवडला, यावरून काय ते ओळखा. लांग त्याच वर्षी देश सोडून गेला. थेआ मात्र जर्मनीतच राहिली आणि त्या राजवटीत सिनेमांच्या कथा लिहीत राहिली. तोवर दोघं विभक्त झाले होते. पुढे थेआनं कुणाशी लग्न केलं, माहीत आहे? जर्मनीत शिकलेले, आपल्या बेळगाव भागातले मराठी पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी! आहे की नाही नवल?

म्हातारपणी लांगला कुणी या सिनेमाबद्दल विचारलं, की तो कुरकुरायचा. हृदयानं डोकं आणि हात जोडले की प्रश्न सुटतो, ही निव्वळ परीकथा आहे, असं तो म्हणे. आपल्याला त्या वेळी यंत्रांचंच वेड होतं, अशी कबुलीही त्यानं दिली. पण माणसं अंतराळात जाऊ लागली, तेव्हा त्यालाच प्रश्न पडला. आपण कल्पनेत पाहिलेलं खरं होताना दिसतंय म्हणून आता हा सिनेमा आवडला म्हणायचं का? बघा, करणाऱ्याचंच नक्की नाही!

आठवणीतला लांब खेळ

१९८४ मध्ये जॉर्जो मोरोडर या संगीतकारानं या मूकपटाला रंग चढवले आणि नवी गाणी घालून तो पुन्हा आणला. जुनी मंडळी नाराज झाली, पण कितीतरी तरुणांनी तो त्यामुळेच पाहिला. २००१ मध्ये युनेस्कोनं जगाचा ठेवा म्हणून जपायच्या कागदपत्रांच्या यादीत ‘मेट्रोपोलिस’ला जागा दिली. तोवर सगळे धरून चालले होते, की हरवलेला भाग गेला तो गेलाच.

आणि २००८ मध्ये चमत्कार झाला. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरिस शहरात एका अभ्यासकानं पूर्वी ऐकलं होतं, की तिथल्या एका चित्रपट मंडळात ‘मेट्रोपोलिस’चा खेळ नेहमीपेक्षा फारच लांबला होता. लांबला? म्हणजे प्रतही लांब असणार! तो आणि तिथल्या चित्रपट संग्रहालयाची प्रमुख, दोघांनी मिळून डबे उघडले, आणि जवळजवळ पुरा सिनेमा हाती लागला. कात्री चालण्यापूर्वीच तिकडे गेलेल्या प्रतीवरून केलेली ती नक्कल होती. ओरखडेच ओरखडे, पण हरवलेली सुमारे २५ मिनिटं तिच्यात होती. ती जोडून फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिनला पुन्हा खेळ झाला. हेल परत आली. फ्रेडरशी कपडे बदलणारा कामगार परत आला. मालकाचा गुप्तहेर परत आला. ८३ वर्षांनी लोकांना कळलं, की आपण निकाल जरा घाईनंच दिला होता.

तर मुलांनो, मत द्यायला घाबरू नका. पण देताना तीन गोष्टी स्वतःला विचारा. मी पाहिलं ते पुरतं पाहिलं का? मला आवडलं किंवा नाही आवडलं, तर नेमकं काय? आणि का? ‘का’चं उत्तर आलं, की सातवीतल्या मुलाचं मत वेल्सच्या शेजारी मांडी घालून बसू शकतं.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, “अगं, तुला पडला तोच प्रश्न दिग्दर्शकालाही म्हातारपणी पडला होता.” तिला बरं वाटलं असावं. पण ती लगेच म्हणाली, “मग बाई, त्यानं शेवट बदलला का नाही?”

मी पुन्हा गप्प! तुम्हाला काय वाटतं? तुमच्या हाती हा सिनेमा दिला, तर भोंगा वाजल्यावर दुसऱ्या दिवशी त्या शहरात काय होईल? वहीच्या एका पानावर लिहून काढा, आणि शेजाऱ्याला वाचून दाखवा. त्याचं मत वेगळं निघालं, तर भांडू नका. “का?” एवढंच विचारा.