फुगणारी माती, तुटणारं तेल

मे महिन्यात वाशिमहून रिसोडकडे निघालं की दोन्ही बाजूंना काळं रान भेगाळलेलं दिसतं. एखाद्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. मृगाचा पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि चिखल चपलेला सोडत नाही. सोयाबीन-तुरीला ही ओल पोसते, पण घराच्या पायातली काळी काढून मुरूम भरावा लागतो, नाहीतर भिंती तडकतात.

या खोडीमागे स्मेक्टाइट गटातलं खनिज आहे, बेसॉल्ट झिजून तयार झालेलं. त्याचा कण वहीसारखा असतो. सिलिकाच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनाचा एक थर, असं एकेक पान. पानावर थोडा ऋण भार असतो आणि तो भागवायला पानांच्या फटीत सोडियम, कॅल्शियम बसलेलं असतं. त्या फटीत पाणी शिरलं की पानं दूर सरकतात. गवंड्याला जी डोकेदुखी, तीच रसायनज्ञाला चालून आलेली संधी!

युजीन हूद्री हा फ्रेंच इंजिनियर मोटार शर्यतींचा शौकीन. चांगल्या पेट्रोलच्या शोधात शेकडो पदार्थ चाळून तो अखेर याच गटातल्या, आम्लात शिजवलेल्या मातीपाशी थांबला. आम्लामुळे फटींतल्या सोडियमच्या जागी हायड्रोजन येतो, पानांच्या कडांमधलं थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, लोह निघून जातं आणि माती सच्छिद्र होते. अशी माती जड तेलाच्या रेणूला प्रोटॉन देते. मग ती लांब साखळी तुटते आणि पेट्रोलजोगे तुकडे हाती येतात. 1937 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हुक इथे सन ऑइलचा मोठा कारखाना या पद्धतीवर सुरू झाला. माती दहा-एक मिनिटांतच काजळीने माखायची, मग हवा सोडून ती काजळी जाळायची, की पुन्हा तेल.

पुढे कृत्रिम सिलिका-ॲल्युमिना आले, 1960 च्या दशकात झिओलाइट हे बारीक छिद्रांचे स्फटिक आले आणि माती मागे पडली. सत्तरच्या दशकात तेल महागलं, तेव्हा झिओलाइटच्या छिद्रांत न मावणारे जाडजूड रेणू फोडायची गरज भासली आणि लोक पुन्हा मातीकडे वळले. या वेळची युक्ती मोठी देखणी होती. ॲल्युमिनियमचे 13 अणू असलेला, सात धन भारांचा एक आयन फटीत घुसवायचा आणि भट्टीत तापवायचा. त्याचा ॲल्युमिनाचा खांब होतो. पानं मिटू पाहतात, खांब मिटू देत नाही. फुगलेली माती जणू फुगलेलीच गोठते, पाण्यावाचून.

पण रिफायनरीत काजळी जाळताना तापमान 700 अंशांच्या घरात जातं, वर वाफ. तिथे खांब तग धरत नाहीत, पानं कोसळतात. मुंबईत माहूलच्या रिफायनऱ्यांमध्ये तेल फोडणारा उत्प्रेरक झिओलाइटचा असतो. अशा उत्प्रेरकात बहुधा मातीही असते, पण ती केओलिन, म्हणजे न फुगणाऱ्या गरीब स्वभावाची!

वाशिमच्या काळीची अडचण आणखी वेगळी. बेसॉल्टचं लोह तिच्या पानांतच विणलेलं आहे, आणि लोहामुळे पेट्रोल कमी, वायू आणि काजळी जास्त. हूद्रीच्या काळातही गंधकवालं तेल आलं की मातीतलं लोह त्रास द्यायचं. असल्या कामाला एरवी कच्छ-बाडमेरच्या खाणींतलं बेंटोनाइट, म्हणजे स्मेक्टाइटनेच भरलेली माती, पाहिलं जातं. कसदार रान खरवडून रिफायनरीला द्यायला कोण शेतकरी तयार होईल, तो प्रश्न निराळाच.

त्यात इथल्या मातीत चुनखडीचे खडे. ढेकळावर पातळ आम्लाचा थेंब टाकला की फसफस होते. माती शिजवायला घातलेल्या सल्फ्युरिक आम्लाचा पहिला घोट ही चुनखडीच पिऊन टाकते. स्मेक्टाइटच्या पानांपर्यंत उरेल तेवढंच पोचतं.