दोन लाख बाइटांची भिंत

ऑक्टोबर १९८२मध्ये जपानच्या एनईसी कंपनीने पीसी-९८०१ हा संगणक २,९८,००० येनला विकायला काढला. त्याच्या पुढच्या पिढ्या या शतकाच्या सुरुवातीपर्यंत विकल्या जात होत्या आणि १९९९पर्यंत या घराण्याची एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक यंत्रे खपली होती. त्या काळात अमेरिका आणि युरोपची बाजारपेठ आयबीएम पीसी आणि त्याच्या नकलांनी व्यापली होती. जपानमध्ये मात्र निम्म्याहून अधिक बाजार या एकट्या घराण्याकडे होता, आणि आयबीएम पीसीसाठी लिहिलेले प्रोग्राम त्याच्यावर सहसा जसेच्या तसे चालत नसत. याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की जपान हा आपल्यातच रमणारा देश. बेटावर जशा वेगळ्या प्रजाती घडतात तसे तिथले संगणकही वेगळे घडले. मला हे स्पष्टीकरण आळशी वाटते. ते स्वभावाकडे बोट दाखवते आणि हिशेब टाळते. पीसी-९८चा उदय आणि अस्त दोन्ही मेमरीच्या हिशेबातून समजतात, आणि तो हिशेब कोणालाही कागदावर मांडता येईल.

रोमन लिपीतले एक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसते. एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे अक्षराला ८ बाइट. लहान-मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मिळून शंभराच्या आसपास आकृत्या होतात. सगळ्यांना मिळून एक किलोबाइटही लागत नाही. जपानी लिहायचे तर हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिप्यांच्या जोडीला चीनमधून आलेली कांजी अक्षरे लागतात. १९७८च्या जपानी राष्ट्रीय मानकाने संगणकासाठी ६,३४९ कांजी ठरवून दिली होती. त्यांतली नित्य वापराची २,९६५ पहिल्या स्तरात आणि उरलेली दुसऱ्या स्तरात. कांजीच्या रेघा इतक्या दाट असतात, की किमान सोळा बाय सोळा ठिपके दिल्याशिवाय अक्षर ओळखू येत नाही. म्हणजे अक्षराला ३२ बाइट. पहिल्या स्तराला सुमारे ९५,००० आणि दोन्ही स्तरांना मिळून २,०३,००० बाइट. १९८१च्या आयबीएम पीसीच्या सर्वांत स्वस्त प्रकारात १६ किलोबाइट मेमरी होती. खुद्द पहिल्या पीसी-९८०१मध्ये १२८ किलोबाइट होती. सारी मेमरी अक्षरांना दिली असती तरी मानकातली सगळी कांजी तिच्यात मावली नसती. पडद्याचाही प्रश्न होता. आयबीएमच्या रंगीत पडद्यावर उभे २०० ठिपके होते. सोळा ठिपक्यांच्या उंचीची अक्षरे त्यावर जेमतेम बारा ओळी बसतात, आणि बारा ओळींच्या खिडकीतून कोणी कचेरीचा पत्रव्यवहार करत नाही.

एनईसीने ही अडचण यंत्राच्या घडणीतच सोडवली. पडदा ६४० बाय ४०० ठिपक्यांचा ठेवला. त्यावर चाळीस-चाळीस कांजींच्या पंचवीस ओळी, म्हणजे हजार अक्षरांचे पान दिसते. कांजींच्या आकृत्या कायमच्या कोरलेल्या रॉममध्ये ठेवल्या, त्यामुळे कामाची मेमरी मोकळी राहिली. पडदा चालवायला एनईसीच्याच ७२२० जातीच्या दोन चिप बसवल्या, एक मजकुरासाठी आणि एक चित्रांसाठी. प्रोग्रामने फक्त अक्षराचा क्रमांक पडद्याच्या मेमरीत लिहायचा. रॉममधून आकृती काढून ती पडद्यावर उमटवणे हे सर्किटचे काम. ही विभागणी किती मोलाची होती हे आकड्यांत पाहावे. चित्राच्या मार्गाने एक पान काढायचे तर प्रोसेसरला एका रंगातच ३२,००० बाइट हलवावे लागतात. क्रमांकांच्या मार्गाने चार हजारांत भागते. पाच मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला हा फरक पेलण्या-न पेलण्याचा होता, कारण मजकूर एक ओळ वर सरकवला की सारे पान नव्याने उमटवावे लागते. पहिल्या यंत्रात कांजी रॉमचे कार्ड वेगळे विकत घ्यावे लागे. पुढच्या यंत्रांत ते आतच येऊ लागले. १९८५मध्ये तोकुशिमा या राजधानीपासून दूरच्या शहरातल्या जस्टसिस्टम कंपनीने याच यंत्रासाठी 'इचितारो' हा वर्ड प्रोसेसर आणला आणि जपानी कचेऱ्यांना संगणक घेण्याचे ठोस कारण मिळाले.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे. कांजी दाखवणारे एनईसी एकटे नव्हते. मित्सुबिशीचा सोळा बिटांचा मल्टी १६ त्याच्या आधी आला होता, फुजित्सूची यंत्रे होती, आणि खुद्द आयबीएमच्या जपानी शाखेने १९८३मध्ये ५५५० हे यंत्र काढले, ज्याची कांजी चोवीस ठिपक्यांची, अधिक देखणी होती. मग जिंकले एनईसीच का? इथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. परदेशी यंत्रे बाहेर का राहिली, हा पहिला; त्याचे उत्तर कांजीच्या हिशेबात आहे. भिंतीच्या आतल्या शर्यतीत कोण पुढे गेले, हा दुसरा; त्याचे उत्तर आधीच्या सहा वर्षांत सापडते. १९७६मध्ये एनईसीच्या सेमीकंडक्टर विभागाने प्रोसेसर खपवण्यासाठी टीके-८० हा उघड्या सर्किट बोर्डाचा शिकाऊ संच काढला. तो अभियंत्यांसाठी होता, पण घेतला हौशी लोकांनी. त्यांच्यासाठी टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या रेडिओ काइकान इमारतीत कंपनीने 'बिट-इन' हे केंद्र उघडले. त्या गर्दीतून १९७९चा पीसी-८००१ निघाला, १,६८,००० येनचा, आणि १९८१मध्ये पीसी-८८०१. पीसी-९८०१ आला तेव्हा जपानमध्ये एनईसीची बेसिक भाषा येणारी, तिच्यात प्रोग्राम लिहून विकणारी माणसे तयार होती, आणि कंपनीने नव्या यंत्रातही त्याच वळणाची बेसिक ठेवली. ५५५०ची अक्षरे सुंदर होती, पण त्याच्याभोवती अशी माणसे नव्हती.

पीसी-८८०१चे घराणे घरात राहिले आणि तिथे त्याने आपला वेगळा काळ गाजवला. जानेवारी १९८५च्या 'एमके टू एसआर' या प्रकारात एफएम पद्धतीचा ध्वनी देणारी चिप आली, आणि त्या ध्वनीवर युझो कोशिरोसारख्या संगीतकाराचे नाव झाले; फाल्कॉम कंपनीच्या 'ईस' या १९८७च्या खेळाचे संगीत बरेचसे त्याचे. नंतर घरगुती खेळही हळूहळू पीसी-९८कडे सरकले. आज जगभरचे तरुण पीसी-९८ची चित्रे शोधून पाहतात ती त्याच खेळांची. त्या चित्रांची शैलीही कांजीच्या हिशेबातूनच आली आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. अक्षरे वाचता यावीत म्हणून पडद्यावर उभे चारशे ठिपके होते, म्हणून चित्रकाराला त्या काळाच्या मानाने फार बारीक ठिपके मिळाले. रंग मात्र पुढच्या यंत्रांतही बराच काळ ४,०९६ छटांमधून निवडलेले एका वेळी सोळाच. ठिपके पुष्कळ आणि रंग थोडे, अशा स्थितीत दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडून तिसऱ्या रंगाचा भास निर्माण करणे हाच मार्ग उरतो, आणि त्या कारागिरांनी तो विलक्षण उंचीला नेला. मजकूर पूर्ण कांजीत दाखवता येत असल्यामुळे लांब संवाद आणि कथनावर चालणारे खेळही इथे फुलले. निन्तेन्दोच्या फॅमिकॉमवरचा १९८६चा 'ड्रॅगन क्वेस्ट' उच्चारलिपीतच वाचावा लागे. 'तोहो' मालिकेचे १९९८पर्यंतचे पहिले पाच खेळही पीसी-९८साठीच लिहिले गेले.

दुसरा आक्षेप मक्तेदारीचा. एनईसीने बाजार दाबून धरला होता, असे म्हणणाऱ्यांच्या हाती पुरावा आहे. १९८७मध्ये एप्सनने पीसी-९८शी जुळणारे यंत्र जाहीर करताच एनईसीने त्यातल्या बायॉस या यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामवरून कॉपीराइटचा दावा ठोकला. त्याच वर्षी तडजोड झाली. पुढे एनईसीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये यंत्र एप्सनचे आहे का हे तपासून नकार देणारा भागही घातलेला होता. हे वर्तन मला समर्थनीय वाटत नाही. पण त्याने बाजार बंद झाला नाही. एप्सनने बदललेली यंत्रे आणली आणि कित्येक वर्षे विकली. अधिक बोलका पुरावा उलट बाजूने मिळतो. १९८७मध्येच अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन 'एएक्स' हा गट केला. आयबीएमशी जुळणारे यंत्र, त्यात कांजी रॉम असलेले खास पडद्याचे कार्ड, अशी त्यांची रचना होती. ती रुजली नाही. खास कार्डामुळे किंमत चढली, आणि जे यंत्र ना अमेरिकेत तसेच्या तसे विकता येत होते ना पीसी-९८चे सॉफ्टवेअर चालवू शकत होते, त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

भिंत पडली ती १९९०मध्ये, आणि ती पाडणारी वस्तू यंत्र नव्हती. आयबीएमच्या जपानी शाखेने 'डॉस/व्ही' ही कार्यप्रणाली आणली. तोवर आयबीएमशी जुळणाऱ्या यंत्रांत ६४० बाय ४८० ठिपक्यांचा व्हीजीए पडदा रुळला होता आणि मेमरी मेगाबाइटमध्ये मोजली जाऊ लागली होती. डॉस/व्ही कांजींच्या आकृत्या डिस्कवरून मेमरीत घेई आणि चित्रासारख्या काढी. खास रॉम नको, खास कार्ड नको. १९८२मध्ये जे दोन लाख बाइट अख्ख्या मेमरीत मावत नव्हते, ते आता एका कोपऱ्यात बसत होते. ऑक्टोबर १९९२मध्ये कॉम्पॅकने १,२८,००० येनपासून सुरू होणारी यंत्रे जपानमध्ये आणली आणि स्थानिक कंपन्यांना धक्का बसला. एनईसीने १९९३च्या सुरुवातीला '९८ मेट' आणि '९८ फेलो' ही नवी यंत्रे काढून झुंज दिली. पण विंडोजमध्ये साराच मजकूर चित्रासारखा काढला जातो. तिथे मजकुरासाठी राखलेल्या त्या चिपला करण्यासारखे काही उरले नाही.

मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. देवनागरीची मूळ अक्षरे थोडी, पण जोडाक्षरांत त्यांचे आकार बदलतात, आणि ते सांभाळण्यासाठी आपल्याकडेही आधी हार्डवेअरच आले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामातून घडलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट कार्ड आयबीएमशी जुळणाऱ्या साध्या पीसीत बसवले, की भारतीय लिप्या पडद्यावर येत. आपण लिपीसाठी कार्ड केले, जपानने लिपीभोवती संगणक उभा केला. दोन्हींचे काम शेवटी सॉफ्टवेअरने उचलले. विंडोज २०००मध्ये देवनागरी कार्यप्रणालीतच मिळू लागली.

उरतो शेवटचा आक्षेप. हिशेब १९९०मध्येच बदलला होता, तर एनईसीने पीसी९८-एनएक्स या नावाखाली जगभर रुळलेली, आयबीएमशी जुळणारी रचना स्वीकारायला ऑक्टोबर १९९७ का उजाडले, आणि जुन्या घराण्याच्या ऑर्डरी घेणे थांबायला २००३ का? कारण भिंत हार्डवेअरची असली तरी तिच्या आत पंधरा वर्षे काम साचले होते. इचितारोत लिहिलेली कागदपत्रे, हिशेबाचे प्रोग्राम आणि कारखान्यांतली नियंत्रणे त्यात होती. कारखान्यांसाठी तर एनईसीने एफसी-९८ ही वेगळी मालिकाच काढली होती. मेमरी स्वस्त झाली म्हणून चालू कारखान्यातला चालू प्रोग्राम कोणी पुन्हा लिहायला बसत नाही. यंत्र बिघडेपर्यंत, आणि बिघडल्यावर तसेच दुसरे मिळेपर्यंत, तो चालवला जातो.