रंगकाम घरात, पण वाफ घराबाहेर!

नाशिकच्या वस्त्यावस्त्यांतून बोर्ड लिहिणारे, मूर्ती रंगवणारे, चित्रे काढणारे कारागीर आहेत. १४ एप्रिल जवळ आला की कमानी, फलक आणि देखाव्यांचे काम रात्र रात्र चालते. स्वतंत्र स्टुडिओ कुठून आणणार? जिथे रंगाचे डबे, तिथेच शेगडी आणि तिथेच लेकरांचे अंथरूण!

ऑइलपेंटमध्ये घालायचे टर्पेंटाइन आणि थिनर यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते, म्हणजे नेमकी लेकरू झोपते तिथे. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही तिची खूण. छताचा पंखा ही वाफ घरातच फिरवतो, बाहेर काढत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवील, वाफ नाही.

मग करावे काय? टेबलाजवळच्या खिडकीत, टेबलाच्याच उंचीला एक्झॉस्ट फॅन बसवा आणि समोरचे दार उघडे ठेवा. बाहेरची हवा आधी तुमच्याकडे, मग रंगाकडे आणि मग बाहेर गेली पाहिजे. फॅनचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. त्या बाजूला फॅन असेल तर वाफ परत घरात येईल.

हिशेब सोपा आहे. १० फूट लांब, रुंद व उंच खोलीत १००० घनफूट हवा मावते. ती तासाला १० वेळा बदलायची तर फॅनने तासाला सुमारे २८० घनमीटर हवा ओढावी. खोक्यावरचा आकडा पाहूनच फॅन घ्या.

टर्पेंटाइन साधारण ३५ अंशांवर पेट घेण्याजोगी वाफ सोडते. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकची दुपार त्याहून तापते. म्हणून काम चालू असताना शेगडी, अगरबत्ती, विडी बंद. स्प्रेचे काम अंगणातच करा. साध्या फॅनच्या ठिणगीनेही भडका उडू शकतो. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेटतात. ती बाहेर पसरून वाळवा.

घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते. गरोदर बाई आणि लहान मुले यांना रंगकामापासून लांब ठेवा.

फॅनला पैसे नसतील तर पाण्यात मिसळणारे रंग वापरा, ऑइलपेंटचे काम ओट्यावर करा आणि डब्यांची झाकणे घट्ट लावा. कलेवर घर चालते हे खरे. पण त्या घराच्या श्वासाची किंमत मजुरीत कधीच धरलेली नसते.