दिवा विझवू नका, वाचा!



माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं! विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे. डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा, म्हणजेच ‘चेक इंजिन’.

माझे मामा शहापूर तालुक्यात, किन्हवलीजवळ राहतात. त्यांची २०१७ सालची डिझेल पिकअप गाडी आहे. सरळगाववरून माळशेज चढून ओतूरला तांदूळ न्यायचा आणि येताना कांदा आणायचा, हा त्यांचा धंदा. रात्री-अपरात्री पाड्यावर कोणी आजारी पडलं तर शहापूरच्या रुग्णालयात न्यायलाही हीच गाडी.

एक दिवस तो दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोड हवेच्या प्रेशरचा निघाला, म्हणून साडेचार हजारांचा सेन्सर बदलला. दिवा गेला. दोन दिवसांनी परत हजर! पुन्हा गॅरेज, पुन्हा सेन्सर, पुन्हा दिवा. शेवटी वैतागून मामांनी त्यावर काळी टेप चिकटवली. मग एकदा भर पावसात भरलेली गाडी घाटात जोर धरेना आणि मागे ट्रकांची रांग लागली. त्याच रात्री मामांचा फोन आला, “काय गं, तू मेकॅनिकलला ना? मग सांग की!”

थर्ड इयरला असून मला काही सांगता येईना. खरंच लाज वाटली. लॅबच्या सरांकडून स्कॅनर मागून घेतला आणि शनिवारी गाव गाठलं.

आता थोडी थिअरी. बीएस-४ चे नियम १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. या गाड्यांमध्ये ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचीच तब्येत तपासायची सोय असते. बिघाड दिसला की कॉम्प्युटर दिवा लावतो आणि कोड साठवतो. मामांचा कोड होता पी ०२९९. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा भाग, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान कोड. अर्थ एवढाच, की टर्बोकडून जेवढी दाबाची हवा हवी तेवढी मिळत नाहीये. का मिळत नाही, ते कोड सांगत नाही! सेन्सर फक्त निरोप्या. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलण्यातला हा प्रकार झाला.

स्कॅनरमध्ये ‘फ्रीझ फ्रेम’ असते, म्हणजे दिवा लागला त्या क्षणाची नोंद. त्यात इंजिनावर भरपूर लोड दिसला. मामांना विचारलं, “दिवा नेमका कधी लागतो?” म्हणाले, “चढताना. उतरताना कधीच नाही.” म्हणजे दाब वाढला की हवा कुठेतरी निसटत होती.

मुरबाडच्या एका मेकॅनिककाकांनी कॉम्प्रेसरने पाइपांत अगदी कमी दाबाची हवा सोडली आणि वरून साबणाचं पाणी टाकलं. पंक्चरवाल्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवल्यावर येतात तसे बुडबुडे आले! इंटरकूलरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूने चिरला होता. त्या जागी तेलकट धूळही बसली होती, पण वाकून कोणी पाहिलंच नव्हतं. नवा पाइप आठशे रुपयांचा.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

१. कोड पुसण्याआधी तो आणि फ्रीझ फ्रेम लिहून घ्या. बॅटरी काढली तर हा पुरावाही जाऊ शकतो.
२. दिवा कधी लागतो, हे ड्रायव्हरला विचारा.
३. आधी पाइप, वायरी आणि कनेक्टर बघा, सेन्सर नंतर.
४. पिवळा दिवा लुकलुकत असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करा.

पुढच्या खेपेला मामा तांदूळ भरून माळशेज चढले. दिवा लागला नाही. टेप त्यांनी स्वतःच काढली होती. “आता लागला तर दिसायला नको?” म्हणाले.

व्हायवामध्ये मला हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. विचारा ना, सर!