साष्टीच्या कडेनं: आधी तिथी, मग होडी

ठाणे साष्टी बेटावर वसलंय, हे लोकलच्या गर्दीत विसरायला होतं. कल्याणच्या दुर्गाडीखालून उल्हास नदीनं डोंबिवली, घोडबंदर आणि पाणजू बेट मागे टाकत वसईच्या किल्ल्यापर्यंत शिडाच्या होडीनं जायचं असेल, तर सगळं गणित भरती-ओहोटीचं.

कोळ्यांचा जुना हिशेब मला फार सुंदर वाटतो. तिथीची पाऊणपट केली की मुंबई किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. म्हणून हिवाळ्यातली अष्टमी नवख्यांना उत्तम. भांगाचं पाणी, ओढ कमी. सकाळी दुर्गाडीला ओहोटी लागते आणि पूर्वेचा मतलई वाराही समुद्राकडेच ढकलतो. दुपारी खारा वारा फिरतो, त्याआधी वसई गाठावी. उलट अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साडेचार मीटरवर चढतं आणि ओहोटीला होडी चिखलात रुतते.

डोलकाठी पुलांखालून जाईल का, हे भरतीच्या पातळीवरूनच मोजावं. लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवंच. नारळी पौर्णिमेआधी मात्र निघूच नये.