दान : यादीतून गळालेला वंश

इस्राएलाच्या बारा वंशांपैकी दान वंशाच्या वाट्याला आलेला मुलूख त्याला राखता आला नाही. सरा आणि अष्टावोल या गावांभोवतीचा हा प्रदेश. पश्चिमेला पलिष्टी, मैदानात अमोरी. अमोऱ्यांनी दानाच्या लोकांना डोंगरात रेटले, अशी नोंद बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकात आहे. पलिष्ट्यांशी एकट्याने झुंजणारा शिमशोन याच वंशातला.

मग नवी जमीन शोधायला पाच हेर उत्तरेला गेले आणि त्यांच्यामागून ६०० हत्यारबंद माणसे निघाली. वाटेत एफ्राइमाच्या डोंगराळ भागात मीखा नावाच्या माणसाचे घर लागले. त्याच्या देवघरातली मूर्ती त्यांनी उचलली, शिवाय पुजाऱ्यालाही फितवले : एका घराचा पुजारी राहण्यापेक्षा अख्ख्या वंशाचा हो! तो खुशीने निघाला. पुढे योर्देनेच्या उगमाजवळचे लईश हे बेसावध, शांत नगर त्यांनी जाळले, पुन्हा वसवले आणि त्याला आपल्या मूळ पुरुषाचे, दानाचे, नाव दिले. ही बखर दानाच्या भाटाने लिहिलेली नाही, हे उघड आहे. आपल्या पूर्वजांची चोरी इतक्या चवीने कोण सांगेल?

त्यातला पेच तर पुढेच आहे. हा पुजारी मोशेच्या वंशातला निघतो. हिब्रू हस्तलिखितांत त्या जागी एक अक्षर ओळीच्या जरा वर टांगलेले दिसते. ते धरून वाचले की ‘मोशे’चा ‘मनश्शे’ होतो. मूर्तिपूजेचा डाग मोशेच्या घराण्याला लागू नये, यासाठी लेखनिकांनी केलेली ही तजवीज.

इसवी सनापूर्वी ९३०च्या सुमारास इस्राएलाचे राज्य उत्तर आणि दक्षिण असे दुभंगले. उत्तरेचा राजा यराबाम याने प्रजेची पावले दक्षिणेतल्या यरुशलेमकडे वळू नयेत म्हणून बेथेल आणि दान येथे सोन्याची वासरे बसवली. ग्रंथकारांनी याला महापाप ठरवले. पण ही वासरे देव नसून अदृश्य देवाचे आसन असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. नंदीला शंकर समजण्याची चूक आपल्याकडे कोणी करत नाही. मला तरी हा युक्तिवाद पटतो.

जमीन काय सांगते? आव्राहाम बिरान यांनी १९६६ मध्ये या दान नगराच्या जागी, तेल दान येथे, उत्खनन सुरू केले आणि ते तीन दशकांहून अधिक काळ चालले. पूजेचा दगडी चौथरा, वेदीचे शिंग, लोखंडी फावडी सापडली. सोन्याचे वासरू नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ग्रीक-अरामी शिलालेखात ‘दान येथील देवा’ला केलेला नवस आहे, पण देवाचे नाव नाही. म्हणजे अश्शूरच्या तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरने इसवी सनापूर्वी ७३२च्या सुमारास हा उत्तरेचा प्रदेश गिळल्यानंतरही शतकानुशतके इथे पूजा होत होती. १९९३ मध्ये आणखी एक दगड निघाला. एका अरामी राजाच्या त्या विजयलेखात ‘दाविदाचे घराणे’ असा उल्लेख आहे. बायबलबाहेरचा त्या घराण्याचा हा सर्वांत जुना, जवळजवळ सर्वमान्य पुरावा. यरुशलेमने ज्या दानाला बदनाम केले, त्याच दानाने यरुशलेमच्या राजघराण्याची साक्ष जपली!

ग्रंथांनी मात्र दानाला माफ केले नाही. ‘इतिहास’ ग्रंथाच्या वंशावळींत दानाची पिढी नाही, ‘प्रकटीकरणा’तल्या वंशांच्या यादीतूनही तो गळाला आहे. त्याच दानाचे नाव पुढे इथियोपियातल्या बेटा इस्राएल या ज्यू समाजाच्या कामी आले. १९७३ मध्ये सेफार्दी प्रमुख रब्बी ओवाद्या योसेफ यांनी या समाजाला दानाचे वंशज ठरवले. अनेक इतिहासकारांना हे मान्य नाही. पण १९७५ मध्ये इस्रायलने त्यांना ज्यूंना देशात येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणारा परतीचा कायदा लागू केला आणि मे १९९१ मध्ये, सुमारे दीड दिवसात, १४,०००हून अधिक माणसे विमानांनी इस्रायलला नेली.