दोन मिनिटांत विषय ठरवू नका

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात नि नेट कॅफेत एकच गर्दी उसळते. मुलगी गुणपत्रक हातात धरून उभी असते. दुकानदार स्क्रीनकडे बघत विचारतो, "विषय कुठले टाकू?" मागे दहाजण खोळंबलेले असतात. मग ती म्हणते, "मैत्रिणीनं घेतलेत तेच टाका." झालं, दोन मिनिटांत तीन वर्षांचं ठरलं. बाजारात वांगी निवडायलाही आपण याहून जास्त वेळ घेतो! आज त्या दोन मिनिटांबद्दल बोलू, आणि त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांबद्दलही.

"आम्ही सातवी शिकलेल्या, आम्हाला कॉलेजातलं काय कळणार?" असं गटाच्या बैठकीत बऱ्याच जणी म्हणतात. अहो, विषय तुम्हाला शिकवायचा नाही, फक्त विचारायचं आहे. गटातून शेळीसाठी कर्ज देताना आपण विचारतोच ना, चारा कुठून आणणार, दूध कुठं घालणार? तसंच हे.

आधी कॉलेजात काय बदललंय ते सांगते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या राज्यातल्या विद्यापीठांशी जोडलेल्या कॉलेजांत 2024-25 पासून पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम नव्या पद्धतीचा झाला. आता सगळा हिशोब श्रेयांकात होतो. कॉलेजात त्यालाच क्रेडिट म्हणतात. वर्गात शिकवण्याचे साधारण पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, आणि प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक. वर्षाच्या दोन सत्रांत मिळून साधारण 40 ते 44 श्रेयांक मिळवायचे असतात. ते जमा होतात अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाच्या सरकारी खात्यात. हे खातं म्हणजे आपल्या गटाचं पासबुक समजा. पैशांऐवजी त्यात शिकलेलं जमा होतं, आणि कॉलेज बदललं तरी खातं तेच राहतं. ते मुलीच्या आधारवरून डिजिलॉकरमधून उघडतात. म्हणून आधारवरचं नाव आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रकावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते आजच घरी जाऊन बघा. एकीकडे वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही काम अडतं.

विषयांचे आता वेगवेगळे कप्पे झालेत. मुख्य विषय, म्हणजे मेजर, हा पदवीचा कणा. त्याच्या जोडीला मायनर, म्हणजे दुसरा विषय. काही कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊ देतात आणि त्यातला मुख्य कोणता हे दुसऱ्या वर्षी ठरवायला सांगतात. काही ठिकाणी सुरुवातीलाच ठरवावं लागतं. आपल्या कॉलेजात कसं आहे, हा पहिला प्रश्न. तीन विषय घेऊ देत असतील, तर मुलीला वर्षभर चाखून बघायला मिळतं, म्हणजे मोठी सोय झाली.

मग येतो ओपन इलेक्टिव्ह. हा विषय आपली शाखा सोडून दुसऱ्या शाखेतला घ्यायचा असतो. मुली इथं सगळ्यात जास्त फसतात, कारण त्याला कुणी महत्त्वच देत नाही. "सोपा कुठला?" एवढंच विचारतात. पण समजा मुलगी बी.ए. करते आहे आणि घरी पापड-मसाल्याचा छोटा धंदा आहे. तिनं वाणिज्य शाखेतला हिशोबाचा नाहीतर विक्रीचा विषय घेतला, तर तो अभ्यास घरच्या वहीतच उतरेल. कौशल्याचे विषय असतात, त्यांचंही असंच. याशिवाय भाषा, पर्यावरण, संविधान, भारतीय ज्ञान परंपरा, खेळ, राष्ट्रीय सेवा योजना असे लहान लहान कप्पे असतात. त्यात फार डोकं घालायला नको. राष्ट्रीय सेवा योजनेबद्दल मात्र एक सांगते. त्यात वर्षाला 120 तास काम असतं आणि सात दिवसांचं शिबिर बाहेरगावी असतं. मुक्कामाचं नाव काढलं की बऱ्याच घरांतून नकार येतो. माझं मत विचाराल तर पाठवा. बुजरी मुलगी चारचौघांत बोलायला तिथं जितक्या लवकर शिकते, तितकी वर्गात शिकत नाही.

आता मुख्य विषय कसा निवडायचा? मुलीला बसवून तीन गोष्टी विचारा. बारावीत कोणता विषय तू न सांगता वाचत होतीस? पदवीनंतर काय करावंसं वाटतं? आणि त्यासाठी हा विषय लागतोच का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एमपीएससी, तलाठी, बँकेच्या परीक्षा यांना साधारणपणे कुठलीही पदवी चालते, विषयाचा हट्ट नसतो. म्हणून त्या वाटेला जाणाऱ्या मुलीनं जो विषय झेपतो, आवडतो, तो घ्यावा आणि चांगले गुण मिळवावेत. शिक्षिका व्हायचं असेल, तर शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला असलेला बरा. शिवाय बी.एड.च्या प्रवेशाला पदवीत खुल्या गटाला 50 टक्के आणि राखीव गटाला 45 टक्के लागतात, म्हणजे नुसतं पास होऊन भागत नाही. नर्सिंग, शेतकी, फार्मसी, इंजिनिअरिंग यांची वाट मुळातच वेगळी आहे. त्यांना सीईटी किंवा नीटसारख्या प्रवेश परीक्षा असतात. "आधी बी.एस्सी. करू, मग बघू" असं म्हणून ती वाट आपोआप सापडत नाही.

आणखी एक गोष्ट विचारायची, ती कुठल्याच माहितीपुस्तकात लिहिलेली नसते. वर्ग किती वाजता सुटतो? कला आणि वाणिज्यचे तास बऱ्याच ठिकाणी दुपारपर्यंत आटोपतात. विज्ञानाला आणि भूगोलासारख्या विषयाला प्रात्यक्षिकं असतात, ती चार-साडेचारपर्यंत चालतात. गावाची शेवटची एसटी साडेचारला असेल, तर पोरगी दर आठवड्याला प्रात्यक्षिक सोडून पळणार, नाहीतर अंधारात वडापची वाट बघत उभी राहणार. दोन-तीन महिन्यांत घरात कुणीतरी म्हणणारच, "कशाला जीव धोक्यात घालायचा, बस घरी." इथं विषय अवघड म्हणून नाही, एसटीमुळे शिक्षण सुटतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी कॉलेजचं वेळापत्रक आणि एसटीचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवा. जमत नसेल, तर विषय सोडायच्या आधी वसतिगृहाचं बघा. एकाच रस्त्याच्या चार-पाच गावांतल्या मुली असतील, तर गटांनी मिळून आगारात अर्ज द्या. तिकिटाचं म्हणाल, तर मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. कॉलेजच्या मुलीला महिन्याचा सवलतीचा पास काढावा लागतो, त्याला भाड्याच्या साधारण एक तृतीयांशच पैसे पडतात. बायकांचं रोजचं अर्धं तिकीट काढत बसण्यापेक्षा तो स्वस्त.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. "मुलींना आता फी माफ आहे" असं सगळीकडे ऐकू येतं, ते अर्धंच खरं. जुलै 2024 मध्ये सरकारनं जी 100 टक्के शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी दिली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. आर्थिक दुर्बल घटक, मराठा म्हणजे एसईबीसी आणि ओबीसी यांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या आणि सरकारी प्रवेश फेरीतून प्रवेश घेतलेल्या मुलींना ती मिळते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर मिळत नाही. साध्या बी.ए., बी.कॉम.ला ही माफी लागू नाही, तिथं महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या बघायच्या. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींना स्वाधार, आदिवासी मुलींना स्वयम् आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार अशा योजनांतून खात्यावर पैसे मिळू शकतात. या सगळ्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. त्याची मुदत आर्थिक वर्षाबरोबर, 31 मार्चला संपते, म्हणून तो दरवर्षी ताजा काढावा लागतो. मुलीच्या बँक खात्याला आधार जोडलेलं असू द्या, शिष्यवृत्ती त्यावरच येते. आणि अर्ज दरवर्षी नव्यानं भरायचा असतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.

प्रवेश झाला, मुलगी जाऊ लागली. आता खरी कसोटी. गावच्या शाळेत चाळीस मुलांत सरांना तिचं नाव माहीत होतं, इथं दीडशेच्या वर्गात कुणी ओळखत नाही. शिकवतात अर्धं इंग्रजीत. शेजारची शहरातली पोरगी भराभर उत्तरं देते. मराठी माध्यमातली मुलगी गप्प होते आणि मनाशी म्हणते, आपल्याला जमणार नाही. हे जवळजवळ प्रत्येकीला वाटतं, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. तिला दोन गोष्टी करायला सांगा. पेपर मराठीत लिहिता येतो का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यायचं. अनेक विद्यापीठांत कला आणि वाणिज्यच्या बऱ्याच विषयांना तशी मुभा असते. आणि आपल्याला नेमून दिलेले मेंटॉर शिक्षक कोण, हे विचारायचं. पुष्कळ कॉलेजांत प्रत्येक शिक्षकाकडे काही ठरावीक विद्यार्थी सोपवलेले असतात, पण मुलगी जाऊन भेटली तरच त्याचा उपयोग. विषय झेपतच नसेल, तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत बदलूनही मिळतो. त्याची शेवटची तारीख कॉलेजच्या ऑफिसात विचारावी लागते, ती घरी कुणी कळवत नाही.

हजेरी साधारण 75 टक्के लागते. आणि आता सगळे गुण शेवटच्या परीक्षेचे नसतात, सत्र चालू असतानाच चाचण्या आणि प्रकल्पांचे गुण धरतात. म्हणून सोयाबीन काढायला, मामाच्या लग्नाला, गौरीच्या तयारीला चार-चार दिवस घरी बोलावताना आधी विचारा, "चाचणी आहे का गं?" घरचं काम तिनं करू नये, असं मी म्हणत नाही. पण चुकलेली चाचणी पुन्हा घेतीलच असं नाही.

वसतिगृहातल्या मुलीला पहिले पंधरा दिवस फार जड जातात. जेवण जात नाही, रात्री रडू येतं. फोनवर ती रडली की आपलाही जीव खालीवर होतो आणि तोंडातून निघतं, "ये बाळा घरी." जरा थांबा. आधी विचारा, खोलीतल्या मुली कशा आहेत, कुणी त्रास देतं का? नुसती घराची आठवण असेल, तर महिनाभरात ओसरते. पण कुणी छळत असेल, तर "सहन कर" म्हणू नका. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, तिचा नंबर 1800-180-5522 आहे. नाव न सांगताही तक्रार करता येते. कुणा शिक्षकानं किंवा कर्मचाऱ्यानं वाईट वागणूक दिली, तर कॉलेजातल्या अंतर्गत तक्रार समितीकडे जायचं. 2013 च्या कायद्यानं ती असावीच लागते. मुलीनं आधी तुम्हाला सांगितलं, तर "तूच काहीतरी केलं असशील" हे शब्द तोंडून निघू देऊ नका. पुन्हा ती काही सांगणार नाही.

नव्या पद्धतीत आणखी एक सोय आहे, तिच्याबद्दल सावध करते. पहिलं वर्ष आणि चार श्रेयांकांचा एखादा जोड अभ्यासक्रम पूर्ण करून थांबलं, तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनी पदविका. पुढं तीन वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढं नेता येतं, आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. आजारपण, बाळंतपण, घरातली अडचण यांसाठी ही सोय फार चांगली आहे. मागं असं शिक्षण तुटलं की सगळं वाया जायचं. पण काही घरांत तिचा वेगळाच अर्थ लावतात, "एक वर्ष झालं, सर्टिफिकेट मिळालं, आता स्थळ बघू." एका वर्षाचं प्रमाणपत्र म्हणजे पदवी नाही. पदवी मागणाऱ्या नोकरीला, बी.एड.ला, एमपीएससीला ते चालत नाही. लग्न ठरत असेलच, तर सासरच्यांशी बोलताना "परत प्रवेश घ्यायची मुदत तीन वर्षं आहे" हे स्पष्ट सांगून ठेवा.

शेवटी पहिल्या सत्राच्या निकालाचं. दिवाळीनंतर केव्हातरी तो लागतो, आणि बारावीला सत्तर टक्के मिळवणारी मुलगी एक-दोन विषयांत राहते. घरात वाटतं, संपलं सगळं. असं नाही. पहिल्या वर्षाच्या एक-दोन विषयांत राहिलं तरी बहुतेक ठिकाणी पुढच्या वर्गात बसू देतात. त्याला एटीकेटी म्हणतात. किती विषयांपर्यंत चालतं, याचा नियम विद्यापीठाप्रमाणे वेगळा असतो. ते विषय पुढच्या परीक्षेला पुन्हा द्यायचे, पण त्यासाठी वेगळा फॉर्म आणि फी वेळेत भरावी लागते. गुण कमी दिलेत असं वाटलं, तर उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते आणि फेरतपासणीचा अर्ज करता येतो. पण त्याची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते. म्हणून निकालाच्या दिवशी रागावण्यात संध्याकाळ घालवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मुलीबरोबर कॉलेजला जा आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवर दोन तारखा लिहून घ्या. एक फेरतपासणीच्या अर्जाची, दुसरी राहिलेल्या विषयांचा फॉर्म भरण्याची.